सुलाखायला आग नाही, टोच्या लागतो

विचारलंय की 'ताऊन सुलाखून' बरोबर का 'तावून सुलाखून', आणि त्यातलं सुलाखून म्हणजे नेमकं काय. तावून बरोबर, धावून-धावणे तसं तावून-तावणे, दीपचा दिवा झाला तसा तापचा ताव झाला, विषय संपला. खरी गंमत सुलाखूनमध्ये आहे आणि लोकांनी नेमकी तिचीच वाट लावलीय. 'उन्हात सुलाखून निघालो' काय, 'संकटांच्या भट्टीत सुलाखलेला नेता' काय! अरे बाबांनो, उन्हात माणूस पोळतो, होरपळतो, करपतो, सुलाखत नाही. सुलाखणं म्हणजे भोक पाडणं.

फारसीत सूराख म्हणजे भोक, हिंदीत अजून तो तसाच चालतो. र चा ल झाला, दीवारची दिवाल झाली तसाच. आता सोन्याला भोक कशाला पाडायचं? तर कसोटीच्या दगडावर घासलं की कस कळतो तो फक्त वरच्या थराचा. तापवलं तर तांब्याची भेसळ काळी पडून उघडी होते, चोख सोनं पडत नाही, पण एखाद्या लबाडाने आत चांदी घालून वरून जाड सोन्याचा पत्रा चढवला असेल तर? चांदीही आगीत काळी पडत नाही. मग लगडीला टोच्याने आरपार भोक पाडून आत बघायचं, हा सुलाख.

आणि हे बघा, संस्कृत सुभाषितात सोन्याच्या चार परीक्षा आहेत, निघर्षण, छेदन, ताप आणि ताडन. ताप म्हणजे तावणं, छेदन म्हणजे सुलाखणं, फिट्ट बसतं! माझं तर ठाम मत आहे की आपला वाक्प्रचार हा त्या सुभाषिताचाच सराफी अवतार आहे, आणि क्रमसुद्धा धंद्यातला आहे, आधी ताव द्यायचा कारण त्यात माल खराब होत नाही, भोक अगदी शेवटी, संशय राहिलाच तर.

यावर काही संस्कृताभिमानी मंडळी शलाकेकडे धावतात, सळई खुपसून बघायची म्हणून सुलाखणं म्हणे. ऐकायला छान. पण दोन स्वरांमधल्या एकट्या ल चा मराठीत ळ होतो, फल-फळ, काल-काळ, आणि शलाकेची सळई तर आधीच होऊन बसलीय, मग इथेच ल कसा काय टिकला आणि क चा ख कुणी केला? याचं उत्तर आजवर एकानेही दिलेलं नाही, नुसतं 'फारसीचं खूळ' म्हणून हिणवतात. त्याहून थोर म्हणजे 'सु + लाख', चांगली लाख! लाख भरतात हे खरंय, कोल्हापुरी साजाची पानं पातळ पत्र्याची करून आत लाख घालतात, म्हणून तर मोडीला नेला की सराफ लाखेचं वजन कापतो. पण असला दागिना सुलाखलात तर भोकातून लाखच दिसणार, त्यात परीक्षा कसली.

नाणीही पारखायचे. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे वेगवेगळ्या टाकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरायचे, सराफ ते वाजवून बघायचे, त्यांच्यावर आपल्या खुणा ठोकायचे आणि कमअस्सल निघाला की बट्टा कापून घ्यायचे. 'नावाला बट्टा लागला' मधला बट्टा तो हाच, म्हणजे किंमत उतरली, पण लोक त्याचाही अर्थ नुसता काळा डाग असा लावतात.