सासूबाई घाबरतात ते उगाच नाही

पत्र (थोडक्यात): मावशी, मी मूळची सांगलीची, लग्नानंतर लंडनच्या क्रॉयडनमध्ये स्थायिक. नवरा कृष्णवर्णीय, त्याचे आईवडील जमैकाहून इथे आले. तो बस चालवतो. जानेवारीपासून त्याची झोप उडाली आहे, बोलणं तुटलंय, बाथरूममध्ये नळ सोडून रडतो. डॉक्टरचं नाव काढलं की सासूबाई आडव्या येतात: "एकदा कागदावर नाव चढलं की पोलीस येऊन उचलून नेतील." सांगलीहून आई विचारते, त्यांच्यात वेड रक्तातच असतं का? या अंधश्रद्धेपुढे मी काय करू? – अस्वस्थ

अगं, आधी सासूबाईंवरचा अंधश्रद्धेचा शिक्का काढ. त्या ज्याला घाबरतात ते घडलेलं आहे, तेही तुमच्या घरापासून काही मैलांवर. २०१० साली सेनी लुईस या २३ वर्षांच्या पदवीधर मुलाला त्याच्या आईवडिलांनीच उपचारांसाठी नेलं. बेथलेम रुग्णालयात तो स्वखुशीने दाखल झाला. ते घरी परतल्यावर त्याने निघायचा प्रयत्न केला, तेव्हा ११ पोलिसांनी त्याला दाबून धरलं. तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. वापरलेलं बळ अवाजवी होतं, असं म्हणायला त्याच्या मृत्यूच्या चौकशीतल्या ज्युरीला २०१७ उजाडलं. पुढच्या वर्षी त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सासूबाईंना हे नाव विचारून बघ.

आणि हा एकटा नाही. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल होण्याचं, म्हणजे तुम्ही तिकडे 'सेक्शन' म्हणता त्याचं, प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या ३ ते ४ पट आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात सासूबाईंचं काय चुकलं?

तुझ्या आईचं मात्र चुकलं. ब्रिटनमधल्या कॅरिबियन लोकांत स्किझोफ्रेनियाचं निदान फार होतं, हे खरं. पण फ्रेडरिक हिक्लिंग या जमैकन मानसोपचारतज्ज्ञांनी खुद्द जमैकात पाहणी केली, तेव्हा तिथे तसं काही दिसलं नाही. रक्तातच असतं तर तिथे नको का दिसायला? उरतं ते ब्रिटनमधलं जगणं, आणि समोरच्याचा रंग बघून बदलणारी डॉक्टरांची नजर. गप्प बसलेला गोरा माणूस उदास दिसतो, तसाच बसलेला उंचापुरा काळा माणूस कित्येकांना धोकादायक वाटतो.

एवढं मान्य करूनही सासूबाईंचा उपाय मला पटत नाही. थांबायचं, झाकायचं, प्रार्थना करायची (ती जरूर करा), आणि मग एके रात्री प्रकरण हाताबाहेर गेलं की ९९९ या आणीबाणीच्या नंबरला फोन. पोलीस दारात येण्याचा रस्ता नेमका हाच. कृष्णवर्णीय रुग्ण जीपीमार्फत, म्हणजे फॅमिली डॉक्टरमार्फत, कमी आणि पोलिसांमार्फत जास्त पोचतात, त्यामागे ही दहशतही आहेच. तुझा नवरा अजून रडतोय, घरात आहे, तुझं ऐकतोय. जायचं ते आत्ताच.

तो तयार असेल तर जीपीकडे जोडीने जा आणि मोठी अपॉइंटमेंट माग. ती मिळेपर्यंत रोज लिहून ठेव: किती वाजता झोपला, किती वाजता उठला, जेवला का, कधी रडला. तो कागद डॉक्टरांच्या हातात दे, म्हणजे त्याच्या अबोल्याचा भलता अर्थ लागायला जागा उरणार नाही. निदान सांगितलं तर "कशावरून?" असं विचारायला लाजू नकोस. जीपी नकोच असेल तर एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीजमध्ये, म्हणजे बोलण्यातून होणाऱ्या उपचारांसाठी, त्याला स्वतःच नाव नोंदवता येतं. आपल्यासारखाच कुणी समोर असावा असं वाटलं तर 'ब्लॅक, आफ्रिकन अँड एशियन थेरपी नेटवर्क'ची थेरपिस्टांची यादी बघा. मात्र खासगी थेरपिस्टची फी आधी विचारा.

त्याला सरळ विचार, मरावंसं वाटतं का. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याच दिवशी १११ या एनएचएसच्या मदत क्रमांकाला फोन करून मानसिक आरोग्यासाठी २ दाब, आणि जीव धोक्यात असेल तर मात्र ९९९ला पर्याय नाही.

आता सासूबाईंना उपयोगी पडेल असं. १९८३च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्यानुसार बायको म्हणून 'नियरेस्ट रिलेटिव्ह', म्हणजे सर्वांत जवळची नातेवाईक, तू आहेस. वेळ आलीच, तर दीर्घ उपचारांसाठी सेक्शन करण्याआधी सहसा तुला विचारावं लागतं, आणि तू आक्षेप घेतलास तर कोर्टात गेल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही. लेखी मागणी करून त्याची सुटकाही मागता येते. डॉक्टरांना ती अडवता येते, पण ७२ तासांच्या आत कारण देऊन. दाखल झालेल्या माणसाला स्वतंत्र अ‍ॅडव्होकेट (वकील नव्हे, त्याची बाजू मांडणारा मदतनीस) मागता येतो. हे सगळं त्यांच्यासमोर बसून सांग. त्याआधी त्यांना त्यांची गोष्ट सांगू दे. कुणाला तरी नेताना त्यांनी पाहिलं असावं, असा माझा अंदाज आहे.

सांगलीला काय सांगायचं हे नवऱ्याला विचारून ठरव. तोवर आईला 'त्याची झोप बिघडलीय, डॉक्टरकडे जातोय' एवढं पुरे.