शिडाच्या बोटीवरच्या टॉयलेटचा वास जात नाही, टाकीत कोणतं केमिकल टाकावं?

तुमची बोट 30 फुटी, टॉयलेट हातपंपाचं, खाली होल्डिंग टँक (मैला साठवायची टाकी), केबिनमध्ये कुजका वास, आणि विचारताय की टाकीत कोणतं केमिकल टाकू. ‘केमिकल’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. याच शब्दापायी आमच्याकडे एक अख्खी दिवाळी अबोल्यात गेली आहे.

आमची बोट माझी आणि मेव्हण्याची, निम्मी निम्मी. गोव्यात बेतीच्या बाजूला मांडवी नदीत मुरिंगवर (नांगरलेल्या बोयाला बांधून) असते, पावसाचे चार महिने वर काढून ठेवतो. एका वर्षी गणपतीची चवथ झाल्यावर पाण्यात घातली, तर पहिल्याच रविवारी केबिनमध्ये उतरवेना. मेव्हण्याचं निदान तयारच होतं. “भावोजी, टाकी कुजली. ब्लीच ओता.”

अरे, टाकीतलं कुजणारच. टाकी आहे कशाला? वास येतो तो हवा कोंडल्याने. हवा खेळती असेल तर जंतू आपलं काम करतात आणि फारशी घाण सुटत नाही. हवा संपली की दुसऱ्या जातीचे जंतू माजतात आणि सडक्या अंड्यांचा तो हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ब्लीच दोन्ही जाती मारतं, वर पंपाची रबरं खातं. हे सगळं मी त्याला बोटीवरच सांगितलं. तो मान डोलावून गेला.

मी व्हेंट, म्हणजे टाकीची हवेची नळी, बघायला घेतला. हलच्या (बोटीच्या अंगाच्या) बाजूला करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक. तार घातली तर पुढे सरकेना. उकरलं तेव्हा वाळलेला चिखल आला, आणि चिखलाच्या आत लुळे पडलेले पाच कोळी. कुंभारीण माशी! बोट जमिनीवर असताना बाईने आमच्या टाकीच्या नाकात बाळंतघर थाटलं होतं. भोक मोकळं झाल्यावर निम्मा वास गेला. पुढे ती 16 मिलीमीटरची वळणावळणाची नळी काढून 25 मिलीमीटरची, आखूड आणि सरळ टाकली. आता पावसाळ्यात भोकावर जाळी बांधतो.

उरलेला निम्मा होजमधून, म्हणजे टॉयलेटमधून टाकीत मैला नेणाऱ्या नळीतून, येत होता. हे पकडायची सोपी रीत आहे. स्वच्छ पंचा गरम पाण्यात पिळून होजभोवती गुंडाळायचा, गार झाला की दूर नेऊन हुंगायचा. पंच्याला वास आला म्हणजे होजची भिंतच झिरपते आहे, आणि मग जगातलं कुठलंही केमिकल टाकीत ओता, केबिन घाणच मारणार. मी पंचा मेव्हण्याच्या नाकाखाली धरला. तो म्हणाला, “पंचाच धुतलेला नसेल.”

होज काढला तर 38 मिलीमीटरच्या नळीत अंगठा जाईना. लघवी आणि खारं पाणी एकत्र आलं की असा दगडासारखा थर धरतो. धोब्यासारखा जेटीवर आपटला, कपचे पडले. पण होज जुनाच, तो टाकून नवा घेतला. थर पॅनमध्ये आणि पंपातही होता, म्हणून संडास धुवायचं ऍसिड पाणी घालून पॅनमध्ये ओतलं. आदल्या संध्याकाळी मेव्हण्याने गुपचूप त्याच पॅनमध्ये ब्लीच ओतून ठेवलं होतं. क्लोरीन वायू सुटला. घसा आवळला, डोळ्यांपुढे काही दिसेना, शिडीची पायरी चुकली आणि मी कोपराने हॅच शोधत वर आलो. दोघं डेकवर अर्धा तास खोकत बसलो. खोकला थांबल्यावर त्याचं पहिलं वाक्य: “ऍसिड टाकताना सांगायचं तरी!”

असो. तुमच्याकडे बोट चार दिवस बंद राहिल्यावर फक्त पहिल्या फ्लशला वास येत असेल, तर टाकी आणि होज दोघंही निर्दोष आहेत. पाणी आत घेणाऱ्या नळीत नदीचं पाणी अडकून त्यातले बारीक जीव मरतात, त्याचा तो वास. पॅनमध्ये वरून गोडं पाणी ओतून ही नळी धुतली जात नाही. आम्ही बेसिनच्या ड्रेनला टी (तीन तोंडांचा सांधा) लावून ती नळी जोडून घेतली आहे. निघताना सीकॉक (बाहेरचं पाणी आत घेणारी तोटी) बंद, बेसिन गोड्या पाण्याने भरायचं आणि टॉयलेटचा पंप मारायचा, म्हणजे ते पाणी इनटेकमधून जातं. आमच्या मेस्ताने (मिस्त्रीने) तासाभरात बसवून दिला. आणि पाहुण्यांना पंप पुरता मारायला सांगा. 38च्या होजमध्ये मीटरला एक लिटरहून थोडा जास्त माल राहतो, चार झटके मारून लोक बाहेर पडतात आणि तो होजमध्येच मुरतो. पॅनमध्ये पाणी मागे येत असेल तर जोकर व्हॉल्व्ह (पंपाच्या तोंडाशी पाणी मागे येऊ न देणारी रबराची झडप) बदला; आम्ही दरवर्षी बदलतो, वास असो नसो.

आता तुमचं केमिकल. व्हेंट मोकळा असेल तर लागत नाही. टाकायचंच तर नायट्रेटवाली पावडर, तिच्यातून जंतूंना प्राणवायू मिळतो. फिनेल, ब्लीच, सुवासिक निळं पाणी नको.

टाकी मांडवीत सोडू नका. ‘मार्पोल’चा (जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) न प्रक्रिया केलेल्या मैल्यासाठीचा आकडा किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांचा. तो नियम मोठ्या जहाजांचा, 400 ग्रॉस टन आणि त्यावरच्या किंवा 15 पेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या, हे मला मेव्हण्याने सांगून झालं आहे. पण सुकतीला (ओहोटीला) त्याच पाण्यात लोक तिसऱ्या (शिंपल्या) काढतात, आणि त्याच तिसऱ्या तो आमच्याकडे येऊन खातो.

हे आधी लिहायला हवं होतं: माझा अनुभव एका बोटीचा आणि हातपंपाच्या टॉयलेटचा. इलेक्ट्रिक असेल तर ऍसिडच्या आधी कंपनीचं पुस्तक वाचा. नवा होज चढवताना टोक गरम पाण्यात धरा, आणि प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प. ब्लीचचा कॅन आमच्या लॉकरमध्ये अजून आहे. निम्मी बोट त्याची, त्यामुळे मला फेकता येत नाही. झाकणावर मी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे.