मैत्रिणीसोबत पहिल्यांदा हाय टीला जातेस, तर एवढं ऐक

आधी फोन करून विचार: हाय टी (हॉटेलात दुपारचा चहा, सोबत सँडविच आणि गोड) किती ते किती, थाळी माणशी की दोघींत एक? नाशिकच्या बऱ्याच हॉटेलांत दुपारी किचन बंद असतं, म्हणून हे विचारायलाच हवं. साडेतीन-चारची वेळ धर. सकाळी मिसळ खाऊन जाऊ नकोस, पोटात जागा हवी. मुंबई नाक्याकडून जाणार असशील तर अर्धा तास आधी नीघ.

तीन मजली स्टँड आला की खालून वर खायचं: आधी सँडविच, मग स्कोन (बिस्किट आणि पाव यांच्या मधला छोटा गोल प्रकार), शेवटी गोड. स्कोन सुरीने कापू नकोस, हाताने मधोमध उघड. गरम असतानाच खा, गार झाला की तो कोरडा लागतो.

चहाकडे मात्र नीट लक्ष दे. दार्जिलिंग घेतलास तर तीन-चार मिनिटांतच पानं बाहेर काढ, नाहीतर कडवट होतो. पहिला घोट बिनदुधाचाच घे. आपल्या आल्याच्या चहाची सवय असलेल्या जिभेला तो आधी पाणचट वाटेल. दुसऱ्या कपात त्याचा वास कळतो. मला तर त्या वासासाठीच जावंसं वाटतं.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतो. जीएसटी मात्र द्यावाच लागतो; महागड्या हॉटेलात तो 5 ऐवजी 18 टक्के असू शकतो, म्हणजे हजारामागे 180 रुपये. कोण देणार ते मैत्रिणीशी घरूनच ठरवून नीघ. आणि फोन पर्समध्येच राहू दे, दोन तास तिच्याशी बोल.