पत्रपेटी : मुलगा हॅरिस पार्कला चालला आहे

या महिन्यात तीन पत्रं एकाच गावाबद्दल आली. गाव म्हणजे सिडनीच्या पश्चिमेचं हॅरिस पार्क हे चिमुकलं उपनगर, पॅरामॅटाला अगदी खेटून असलेलं. तिथे मी अकरा वर्षं काढली. आता दोन स्टेशनं पुढे वेस्टमीडला राहते, पण कोथिंबिरीची जुडी आणायला अजून तिथेच जाते. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलून या तिघांनाच उत्तरं देते आहे.

प्रश्न : माझा मुलगा जुलैत शिकायला सिडनीला जातो आहे. मित्रांनी त्याच्यासाठी हॅरिस पार्कला खोली बघून ठेवली आहे. मी फोनवर तिथले रस्ते पाहिले, तर डोसा, छोले-भटुरे, मिठाई, साड्या याशिवाय एक पाटी दिसेना. इतके लाख खर्चून पोराला एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीतच पाठवायचं का? शिवाय तिथे पूर्वी आपल्या मुलांना मारहाण झाली होती म्हणे. जीव थाऱ्यावर नाही.
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, पाट्यांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. विग्रम स्ट्रीटवर संध्याकाळी सातला उभं राहिलं की तव्यावरच्या लोण्याचा वास, मोठ्याने चाललेली हिंदी गाणी आणि फुटपाथवर टेबलाची वाट बघणारी माणसं. पण पाट्यांच्या वरती नजर टाका. ही सगळी हॉटेलं शंभरेक वर्षांपूर्वीच्या बुटक्या बैठ्या घरांत आहेत. पत्र्याचं उतरतं छप्पर, पुढे हातभर पडवी. कामकरी माणसांसाठी बांधलेली घरं ही. जिथे आज पाणीपुरीची गाडी लावतात तिथे कुणाची तरी बसायची खोली होती. २०२१ च्या जनगणनेत इथली वस्ती साधारण पाच हजारांची भरली, आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक भारतात जन्मलेले. २३ मे २०२३ ला सिडनीच्या सभेत पंतप्रधान मोदींनी इथल्या चाटचं आणि जिलबीचं नाव घेतलं, ‘लिटल इंडिया’च्या कमानीच्या कोनशिलेचं अनावरणही तिथेच झालं. तेव्हापासून शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, ही माझी वैयक्तिक तक्रार.

पण ही गल्ली एकट्या आपल्या लोकांची नाही. लेबनॉनमध्ये १९७५ साली यादवी पेटली, त्यानंतर तिथली पुष्कळ कुटुंबं या भागात आली. ॲलिस स्ट्रीटवर त्यांचं ‘अवर लेडी ऑफ लेबनॉन’ हे मॅरोनाइट या त्यांच्या ख्रिस्ती पंथाचं मोठं चर्च आहे. माझी घरमालकीण त्यांच्यातलीच. तिला सगळे ‘तेता’ म्हणायचे, म्हणजे आजी. इंग्रजी तिचं माझ्याहून कच्चं, त्यामुळे आमचं छान जमलं. पहिल्या श्रावणात मला अळूची पानं कुठे मिळेनात. (फिजीकडच्या लोकांच्या दुकानात मिळतात, हे कळायला आणखी वर्ष गेलं.) मागच्या कुंपणावर तेताचा द्राक्षाचा वेल होता. मी म्हटलं, पान ते पान. बेसन कालवलं, चिंच घातली, गूळ घातला, वळकट्या करून उकडायला ठेवल्या. तेता शेजारी येऊन बघत उभी राहिली. ती त्याच पानांत भात आणि खिमा भरून करंगळीएवढ्या सुरळ्या करायची, त्यामुळे माझ्या मनगटाएवढ्या वळकट्या पाहून तिला हसू आवरेना. वडी खाल्ली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, आंबट! बरोबरच होतं तिचं. अळू खाजरं, म्हणून त्याला चिंच लागते. द्राक्षाचं पान मुळातच आंबट, वर माझी चिंच. पुढच्या खेपेला चिंच वगळली आणि वड्या अशा झाल्या की ताट तिच्या पाच नातवंडांनी पुसून नेलं.

आता मारहाणीचं. लपवत नाही. जून २००९ मध्ये आपल्या मुलांवर हल्ले झाले आणि दोन-तीन रात्री विद्यार्थी हॅरिस पार्कच्या रस्त्यावर उतरले होते. मी मागच्याच गल्लीत राहत होते, घोषणा स्वयंपाकघरात ऐकू यायच्या. बहुतेक मुलं रात्रपाळीची, शेवटच्या गाडीने उतरून अंधारातून एकटी चालत येणारी, खिशात फोन आणि दिवसाची मजुरी. मुलांचा आरोप लेबनीज पोरांवर होता. तेता त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही, मीही विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिने एवढंच सांगितलं, की तुझ्या घरातल्या मुली कामावरून येईपर्यंत पडवीतला दिवा घालवायचा नाही, बिल मी भरते. दिवा पुढे कित्येक महिने तसाच जळत होता. आज तिथे ते वातावरण नाही. रात्री उशिरापर्यंत रस्ता जागा असतो.

मला विचाराल तर भीती वेगळ्याच गोष्टीची बाळगा. मी आले तेव्हा खोलीसाठी सहा आठवड्यांचं डिपॉझिट रोख मोजलं. पावती नाही, कागद नाही. घेणारा आपलाच माणूस, मराठीत ‘वहिनी, काळजी नको’ म्हणणारा. पैसे गेले ते गेलेच. मुलाला सांगा, डिपॉझिटला इथे ‘बाँड’ म्हणतात, भाडेकराराच्या जागेला चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती रक्कम घरमालकाच्या खिशात नाही, सरकारकडे जमा व्हावी लागते. करारावर त्याचं स्वतःचं नाव हवं. दुसऱ्याच्या करारात नुसती एक गादी भाड्याने घेतली तर या कायद्याचा आधार मिळेलच असं नाही, आणि हॅरिस पार्कात विद्यार्थ्यांना गादीच मिळते बहुधा. दुसरं, कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. एखादा हॉटेलवाला म्हणेल, वरचे तास रोखीत देतो. त्या नोकरीला लांबूनच नमस्कार करायला सांगा.

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षक. भाची आपल्या या हॅरिस पार्कला असते. मागच्या वर्षी दोन महिने राहून आलो. हॉटेलं पाहिली, हॉटेलं खाल्ली. ऑस्ट्रेलिया मुळात दोन-सव्वादोनशे वर्षांचा देश, त्यातलं हे एवढंसं उपनगर, इतिहास तो काय असणार? असल्यास लिहावे.
— सातारा

उत्तर : सर, दोन महिने राहिलात आणि भाचीने तुम्हाला एक्स्परिमेंट फार्मला नेलं नाही? तिला माझ्याकडून दोन शब्द ऐकवा. हॉटेलांच्या रांगेपासून चालत दहा-बारा मिनिटं.

आधी ‘दोन-सव्वादोनशे’चं बघू. ही जमीन दारुग लोकांची. त्यांच्यातल्या इथल्या कुळाचं नाव बुरामट्टगल. त्या नावात ईल मासा आहे, नदीत सापासारखा वळवळणारा, आपल्या वामासारखा. पॅरामॅटा हे नाव त्यातूनच आलं आणि आजही इथल्या रग्बी संघाला ‘ईल्स’ म्हणतात. ते लोक इथे हजारो वर्षं होते. तेव्हा तुमचा आकडा फक्त गोऱ्यांच्या वहीतला.

आता ती वही. १७८८ मध्ये इंग्लंडहून कैद्यांची पहिली जहाजं सिडनीला लागली. धान्य पिकेना, उपासमारीची पाळी आली. गव्हर्नर फिलिपने जेम्स रूस नावाच्या कॉर्नवॉलच्या एका कैद्याला १७८९ च्या अखेरीस इथे जमीन दिली आणि म्हटलं, एका माणसाचं पोट या मातीवर भरतं का ते दाखव. म्हणून ते ‘एक्स्परिमेंट फार्म’. १७९१ मध्ये रूसने कळवलं की सरकारी शिधा आता नको. ३० एकर त्याच्या नावावर झाले. या वसाहतीत गोऱ्या माणसाला मिळालेला जमिनीचा पहिला पट्टा हाच, आणि तोही एका चोराला! १७९३ मध्ये त्याने ती जमीन ४० पौंडांना विकली. घेणारा सैन्यातला आयरिश डॉक्टर जॉन हॅरिस. उपनगराचं नाव त्याच्यावरून.

हा हॅरिस तुम्हाला आवडेल. इथे येण्याआधी तो नौदलात होता आणि बरीच वर्षं हिंदुस्थानात काढलेला. पुढे त्याने हिंदुस्थानातून चितळं मागवून पाळली. ऑस्ट्रेलियात आलेली पहिली हरणं तीच. १८०३ मध्ये त्याच्यावर लष्करी खटला भरला गेला. आरोपपत्रात कारकुनाने ‘चालू महिन्याच्या’ऐवजी ‘गेल्या महिन्याच्या’, म्हणजे कचेरीच्या लॅटिनात ‘अल्टिमो’, असं लिहून ठेवलं. त्या एका शब्दावर डॉक्टर सुटले आणि सिडनीतल्या आपल्या इस्टेटीला त्यांनी नाव ठेवलं अल्टिमो! आज त्या भागात एक मोठं विद्यापीठ आहे. नाशिकच्या ताईंचा मुलगा कदाचित रोज एका डॉक्टरच्या शेतातून दुसऱ्या शेतात ये-जा करेल.

रूसच्या जमिनीवर १८३५ च्या सुमारास बांधलेलं घर नॅशनल ट्रस्टने १९६१ मध्ये घेतलं आणि उघडं ठेवलं. तिथे गेलात की ओळखीचं काहीतरी वाटेल. घराला लागून रुंद, खोल पडवी आणि तिच्यावर पुढे ओढलेलं छप्पर, डोळ्यांवर टोपी ओढावी तसं. हा घाट हिंदुस्थानातल्या बंगल्याचा आहे. आपल्याकडे साहेब शिकला आणि इथे येऊन बांधला.

पण वयाने सगळ्यात वडील वास्तू ॲलिस स्ट्रीटवर, तेताच्या चर्चवरून पुढे. एलिझाबेथ फार्म. हद्द शेजारच्या रोझहिलची, पण आम्ही आपलंच म्हणतो. बांधायला सुरुवात १७९३ ची, आणि त्यातला भाग अजून उभा आहे. गोऱ्यांनी बांधलेलं याहून जुनं घर या खंडात नाही. सर, त्या साली पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते आणि महादजी शिंदे पुण्यातच मुक्काम ठोकून होते. त्याच १७९३ मध्ये मुंबईत लॅक्लन मॅक्वारी नावाच्या स्कॉटिश लष्करी अधिकाऱ्याने जेन जार्विसशी लग्न केलं. तीन वर्षांत ती क्षयाने मकाऊला वारली. त्याने तिचा देह मुंबईला परत आणून पुरला. हाच मॅक्वारी १८१० मध्ये इथला गव्हर्नर झाला. सिडनीत दर चौथ्या पाटीवर त्याचं नाव दिसतं, त्याच्या पहिल्या बायकोची माती मात्र मुंबईची.

एलिझाबेथ फार्म जॉन मॅकआर्थरने बायकोच्या नावाने बांधलं. माणूस कर्तबगार आणि भांडकुदळ. १८०८ मध्ये गव्हर्नर ब्लायला पदावरून उतरवण्याच्या बंडात होता, त्यापायी १८१७ पर्यंत इंग्लंडमध्ये अडकून पडला. तेवढी वर्षं मेंढ्या, लोकर, मजूर, हिशेब सगळं एलिझाबेथने ओढलं. शाळेच्या पुस्तकांत ‘लोकरीचा जनक’ म्हणून नाव नवऱ्याचं. १९०४ मध्ये घर पडायला आलं होतं तेव्हा स्वॉन नावाच्या एका कुटुंबाने विकत घेतलं आणि १९६८ पर्यंत सांभाळलं. १९८४ पासून ते संग्रहालय आहे. तिथे दोऱ्या लावून ‘हात लावू नये’ लिहिलेलं नाही. खुर्चीवर बसता येतं.

शेवटचं, तुमच्यासारख्यांनी विचारायला हवं होतं ते. जमीन घेतली तेव्हा मूळच्या लोकांनी काय केलं? लढले. बिडजिगल कुळातल्या पेमुल्वॉय नावाच्या योद्ध्याने कित्येक वर्षं शेतांवर धाडी घातल्या. १७९७ मध्ये पॅरामॅटातच गोळ्या लागून तो पडला, इस्पितळात नेला, आणि पायात बेडी असताना तिथून निसटला. १८०२ मध्ये त्याला मारला. शिर कापून दारूत घातलं आणि इंग्लंडला रवाना केलं. साताऱ्याच्या माणसाला उमाजी नाईकांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

प्रश्न : काकू, मी सहा महिन्यांपासून हॅरिस पार्कला राहते. एका घरात आम्ही पाच जणी, मराठी मी एकटीच. इथे कुणी टिकत नाही. ओळख झाली की माणूस घर बदलतो. मीही दुसरीकडे जाऊ का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : जाशीलच गं. हॅरिस पार्क सोडायचंच गाव आहे. रूसने विकून टाकलं, लेबनीज मंडळींची मुलं मोठ्या घरांत गेली आणि आता रविवारी चर्चपुरती येतात. आपल्यातली कुटुंबं नोकरी पक्की झाली की स्कोफिल्ड्स, द पाँड्सकडे चार खोल्यांचं घर घेतात. मराठी माणसं तिकडेच सापडतील, आणि गणपतीत एखाद्या शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, जिथे आरतीपेक्षा पार्किंगचीच चर्चा जास्त असते.

पण परीक्षा होईपर्यंत हलू नकोस. स्टेशन जवळ आहे, रात्री दिवे असतात, आणि ट्रेन चुकली तर डिसेंबर २०२४ पासून पॅरामॅटाहून ट्रामही आहे. इतर चौघी तेलुगू, पंजाबी, नेपाळी जे कोण असतील ते, त्यांच्यापैकी एकीला तरी पोळी लाटता येत असेल.

शनिवारी अकराच्या सुमारास मी बाजाराला येते. फिजीवाल्याकडे आता अळू असतो. तुझा फोन नंबर संपादकांकडे देऊन ठेव. पानं आपण दोघी घेऊ, बेसन तुझ्याकडे असेलच. चिंच घेऊन येते, या वेळी ती लागेल.