बँड फुटला, मुलीला सोलो करायचंय: कॉलेज सोडू द्यावं का?

प्रश्न: माझी मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन मैत्रिणींबरोबर तिचा बँड होता, गाणी बहुतेक तीच लिहायची. बँड फुटला. आता तिला कॉलेज सोडून एकटीनं स्वतःची गाणी करायची आहेत. आमच्याकडे असं संगीत ऐकायला येणारे शे-दीडशेच लोक. यावर पोट भरेल का?
– एक आई

उत्तर:
ताई, नमस्कार.

नुसत्या स्वतःच्या गाण्यांवर पोट भरणार नाही, निदान पहिली काही वर्षं तरी नाही. तेव्हा कॉलेज सोडू नये. कार्यक्रम संध्याकाळचे असतात, त्यासाठी दिवसभराचं कॉलेज सोडायचं कारण मला दिसत नाही.

मला काळजी वाटली ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. ‘बहुतेक तीच लिहायची’ म्हणजे नेमकं किती? चाल कोणाची? रेकॉर्डिंगचे पैसे कोणी भरले? एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: शब्द आणि चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा, दुसरा. शब्द तिचे असले तरी तिघींनी मिळून केलेलं मास्टर तिचं एकटीचं होत नाही. ती गाणी ती पुन्हा रेकॉर्ड करू शकेल, पण चालीत मैत्रिणींचा वाटा असेल तर त्यांच्याशी बोलूनच. बर्न करारानुसार, म्हणजे कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, रचनेवर हक्क मिळायला नोंदणीची अट नाही. भांडण होतं ते कोणाचा वाटा किती यावर. म्हणून प्रत्येक गाण्याचं नाव, कोणी काय केलं, किती टक्के आणि तिघींच्या सह्या एवढा एक कागद करा. या धंद्यात त्याला स्प्लिट शीट म्हणतात. बँडचं नाव पुढे कोण वापरणार तेही त्यातच लिहा. तिघी अजून एकमेकींशी बोलत असतील तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. एखादं गाणं चाललं की मग प्रत्येकीची आठवण वेगळी निघते.

आता ते शे-दीडशे लोक. तुम्ही ‘च’ लावलात, मी लावणार नाही. समोर बसून नवं गाणं पूर्ण ऐकणारी माणसं सुरुवातीच्या गायिकेला दुसरीकडे सहजी मिळत नाहीत. कुठल्या कडव्याला लोक कंटाळून मोबाइल काढतात, ते इथेच कळतं. फक्त त्यांना दमवू नये. दर आठवड्याला तीच आठ गाणी घेऊन उभं राहण्यापेक्षा महिन्या-दोन महिन्यांनी एक कार्यक्रम करावा, त्यात एखादं तरी नवं गाणं असावं. मध्ये इतरांच्या कार्यक्रमाआधी वीस मिनिटांचं ओपनिंग करावं. ड्रम आणि बासशिवाय, एका गिटारवर गाणं तगतं का, हेही तिला अजून तपासायचं आहे. बँडमध्ये बरंच काही झाकलं जातं.

ऑनलाइन कमाईचा हिशेब तिच्यासमोर मांडा. २०२४पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. तुमच्या दीडशे जणांनी एकेक गाणं वर्षात सात-सात वेळा ऐकलं तर तो उंबरठा जेमतेम ओलांडेल, आणि तरीही हाती किरकोळच रक्कम येईल. खरे पैसे येतात ते कार्यक्रमांचं मानधन, शिकवण्या, दुसऱ्यांसाठी गाणी किंवा जिंगल लिहिणं यांतून. कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, गायला सांगणारी ठिकाणंही मानधन देतात. ती नाकारू नयेत, पण आपली दोन गाणी त्यात घालायची अट धरावी. गीतकार म्हणून कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्वही घ्यावं. तिची गाणी सार्वजनिक ठिकाणी वाजली तर त्याचा गीतकाराचा वाटा सहसा तिथूनच येतो.

तुम्ही एकच करा: तिला जमाखर्चाची वही ठेवायला सांगा, प्रवास आणि गिटारच्या तारांचा खर्च धरून. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली की ती वही आणि तोवर झालेली नवी गाणी घेऊन दोघी माझ्याकडे या. पूर्णवेळचं तेव्हा बोलू. स्प्लिट शीट मात्र याच आठवड्यात.