दृष्टिभ्रम, आभास की नजरबंदी?

प्रश्न असा आहे: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात काही व्हिडिओ दाखवून त्यामागचं विज्ञान सांगायचं आहे. पाती न फिरवता उडणारं हेलिकॉप्टर, उलटं वर चढणारं पाणी, तेलात गायब होणारी काचेची नळी, शिवाय नाण्याची एक जादू. या सगळ्याला मिळून ‘दृष्टिभ्रम’ म्हणावं की ‘नजरबंदी’?

माझं मत विचाराल तर सरसकट एकच शब्द नको. फसगत नेमकी कुठे होते ते आधी पाहावं.

हेलिकॉप्टरचंच घ्या. समजा त्याला पाच पाती आहेत, ती मिनिटाला ३०० फेरे घेतात आणि कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं टिपतो. सेकंदाला ५ फेरे, म्हणजे दोन चित्रांमधल्या वेळात पाती बरोबर एक पंचमांश फेरा फिरतात. पहिल्या पात्याच्या जागी दुसरं येऊन उभं! पाती सगळी सारखीच, त्यामुळे प्रत्येक चित्र आधीच्यासारखं. वेग किंचित कमी असेल तर पातं त्या जागेच्या थोडं अलीकडेच टिपलं जातं आणि ते उलटं फिरताना दिसतं. जुन्या सिनेमांत टांग्याची चाकं उलटी फिरतात ती याच हिशेबाने. अर्थात प्रत्येक चित्र क्षणार्धात टिपलेलं असलं पाहिजे. सेकंदाच्या हजाराव्या भागात हे पातं जेमतेम दोन अंश सरकतं, म्हणून रेखीव दिसतं. वेळ जास्त मिळाला तर नुसता फराटा उमटेल.

पाण्याचंही तेच. नळी स्पीकरला टेकवून सेकंदाला २४ कंपनं द्यायची आणि तेवढ्याच गतीने चित्रण करायचं, की धार नागमोडी होऊन गोठते. कंपनं २३ केली की पाणी वर चढू लागतं. शेजारी उभं राहून नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला मात्र साधी थरथरती धार दिसते. म्हणजे इथे मूळ गडबड डोळ्यांची नाही, कॅमेऱ्याच्या मोजणीची आहे. सुट्या चित्रांना सलग गती मानणं एवढंच काम आपलं. शाळेत त्यासाठी ‘दृष्टिसातत्य’ हा शब्द शिकवतात.

अशा ठिकाणी मला ‘आभास’ आवडतो. मूळ धातू ‘भास्’, म्हणजे प्रकाशणे, दिसणे, ‘भास्कर’ त्यातलाच. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांनी ‘आभासी प्रतिमा’ रूढ केलीच आहे. मृगजळाचाही फोटो काढता येतो, कारण तापलेल्या हवेत प्रकाश खरोखरच वळतो. कॅमेऱ्याला भ्रम झाला असं कसं म्हणणार?

‘भ्रम’ पाहणाऱ्याच्या मनात घडतो. सारख्या लांबीच्या दोन रेषांपैकी एकीच्या टोकांना आत वळलेले बाण काढले, दुसरीच्या टोकांना बाहेर, की एक लांब वाटते. पट्टीने मोजून खात्री केली तरी वाटतेच. हा अस्सल दृष्टिभ्रम. गंमत म्हणजे ‘भ्रम्’ या धातूचा अर्थच फिरणे, भटकणे असा. भ्रमण, परिभ्रमण ही त्याचीच भावंडं. त्यामुळे फिरत्या पात्यांना हाच शब्द लावायचा मोह मलाही होतो. बोलताना आपण हे भेद पाळत नाही हेही खरं. दोरी पाहून कुणी ‘सापाचा भास झाला’ म्हणतो, कुणी ‘भ्रम झाला’. पण फलकावर लिहिताना पाळलेले बरे.

काचेच्या नळीला यांतला एकही शब्द नको. काच पारदर्शक असूनही दिसते, कारण तिच्या कडांशी प्रकाश वळतो आणि थोडा परततो. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) सुमारे १.४७, खायच्या तेलाचाही जवळपास तेवढाच. मग प्रकाश वळेल कशाला? नळी आतूनही तेलाने भरली की दिसेनाशी होते. तिथे ‘अदृश्य नळी’ पुरे.

राहिली नाण्याची जादू. ती ‘हातचलाखी’. ‘नजरबंदी’त जादूगाराने मंत्र टाकून आपले डोळे बांधले अशी जुनी समजूत आहे, गारुड्याच्या खेळाला शोभते, विज्ञानाच्या फलकाला नाही.

आणि फलक रंगवायला देण्याआधी एक पाहा: ‘दृष्टी’ एकटी असताना दीर्घ, पण समासात पहिली आली की ऱ्हस्व. दृष्टिकोन, दृष्टिसातत्य, दृष्टिभ्रम.