आधी ताट पाहा, इंजेक्शनचा विचार नंतर

आपण लिहिले आहे की वय ४१, तीन वर्षांपासून रोजचा आहार १४०० कॅलरींच्या आसपास, वजन ७८ वरून ५९ किलो. आता कामेच्छा मंदावली आहे, हातपाय गार पडतात, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) २६० म्हणजे कमी आले आहे आणि जिममधील प्रशिक्षक त्याचेच इंजेक्शन सुचवीत आहेत. दुसऱ्या अपत्याचा विचार चालू असल्याचेही आपण म्हटले आहे. मीही इंदूरचाच, आणि याच वाटेने सहा वर्षे चाललो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वृषण निकामी झाले, असे इतक्यात धरून चालू नका. टेस्टोस्टेरॉन वृषणात तयार होत असले, तरी त्याचा हुकूम मेंदूतून सुटतो: हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग ठराविक अंतराने पीयूषिका ग्रंथीला चेतवतो, ती एलएच हे संप्रेरक सोडते आणि एलएच पोहोचले की वृषणातील पेशी कामाला लागतात. शरीरात साठा किती शिल्लक आहे, हा निरोप चरबीच्या पेशी लेप्टिन या संप्रेरकामार्फत मेंदूला देतात. निरोगी पुरुषांना तीन दिवस उपाशी ठेवले असता एलएच आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही घसरले. मात्र त्याच उपवासात बाहेरून लेप्टिन दिले, तेव्हा ही घसरण बरीचशी टळली. म्हणजे अन्न अपुरे आहे असे मेंदूला वाटले, की प्रजननाचा खर्च तो स्वतःहून आखडता घेतो.

अमेरिकेत १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले, नाडी मंदावली, थंडी सोसेना, कामेच्छा जवळपास नाहीशी झाली. अमेरिकी सैन्याच्या रेंजर प्रशिक्षणातही जवानांचे टेस्टोस्टेरॉन अतिशय खाली गेले, आणि पोटभर जेवण सुरू होताच थोड्याच दिवसांत सावरले. ती उपासमार आठवड्यांची होती. वर्षानुवर्षे कमी खाल्लेल्या शरीराकडून इतक्या घाईची अपेक्षा ठेवू नये. स्वेच्छेने कित्येक वर्षे आहार घटवलेल्या सडपातळ पुरुषांतही टेस्टोस्टेरॉन कमी आणि त्याला रक्तात बांधून ठेवणारे एसएचबीजी हे प्रथिन जास्त आढळले आहे. त्यामुळे एकूण आकडा बरा दिसला, तरी मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी असू शकते.

वजन उतरल्यावर एका मित्राचे टेस्टोस्टेरॉन उलट वाढले, असेही आपण लिहिले आहे; तेही खरेच आहे. स्थूल पुरुषाचे पोट उतरले की ते वाढते. त्याच्यासाठी कमी खाणे हे औषध ठरते. आपला तो टप्पा केव्हाच मागे पडला.

हातपाय गार पडण्याचे कारण बहुधा टी-३ हे थायरॉइडचे संप्रेरक कमी पडणे हे असावे. आहार घटला की टी-४ या थायरॉइडच्याच दुसऱ्या संप्रेरकाचे टी-३ मध्ये होणारे रूपांतर मंदावते, आणि थायरॉइडला चालना देणारे टीएसएच मात्र सहसा सामान्यच राहते. माझे असेच झाले होते. डिसेंबरात घरातले सगळे एका स्वेटरवर असत आणि मी रजईत. मी थायरॉइडची गोळी मागत होतो. सुदैवाने डॉक्टरांनी दिली नाही, जेवण वाढवायला सांगितले. दर पंधरवड्याला साधारण दीडशे कॅलरी, म्हणजे एखादी तूप लावलेली पोळी किंवा मूठभर शेंगदाणे, या हिशेबाने मी वाढवत गेलो. पहिल्यांदा झोप सुधारली, मग थंडी कमी वाजू लागली. कामेच्छा परतायला मात्र आठ महिने लागले आणि वजन पाच किलोंनी वाढले. ते पाच किलो स्वीकारणे मला सर्वांत जड गेले, हे आपल्याला आधीच सांगून ठेवतो.

इंजेक्शन सध्या घेऊच नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदू एलएच आणखी घटवतो आणि शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ थांबू शकते. अपत्य हवे असताना हे उलटेच होईल. त्याऐवजी सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी टेस्टोस्टेरॉन पुन्हा तपासा आणि सोबत एलएच, एसएचबीजी, प्रोलॅक्टिन (पीयूषिकेचेच आणखी एक संप्रेरक) व टी-३ यांच्या तपासण्या करून घ्या. एलएच वाढलेले निघाले तर दोष वृषणात शोधावा लागेल. कमी किंवा सामान्य निघाले तर अडचण वरच्या हुकमात आहे. पण त्यामागे पीयूषिकेची गाठही असू शकते, म्हणून केवळ आहाराला दोष देऊन मोकळे न होता रिपोर्ट संप्रेरकतज्ज्ञांनाच दाखवा आणि तीन वर्षे काय व किती खाल्ले, हे त्यांना न लपवता सांगा.